चहा बाहेर ठेवला

ग्रहणाच्या रात्री कट्टामियाच्या पठारावर
वाळू इतकी गार होती की पायताणातून चावायची.
घुमटाच्या फटीतून चंद्र आत आला,
भरलेला, अजून डाग न पडलेला.

शनूदा शिडी चढला,
कडेवर मूल घ्यावं तशी
द्रव नायट्रोजनची बरणी घेऊन.
यंत्राचा डोळा आधी गोठवावा लागतो
हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं,
ओतून ओतून कळलं होतं:
आपण स्वतः जरा कोमट असलो
तर दुसऱ्याची ऊब दिसत नाही.

खाली वजीहा. लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या,
कानात खोचलेली पेन्सिल,
समोर सरकती कागदाची पट्टी.
सावली काठाला लागली
आणि लेखणी उतरणीला.
तासापूर्वी जिथे पाण्याला उकळी फुटावी असं ऊन होतं
तिथे शून्याखाली साठ, ऐंशी,
नव्वद.
धुळीचं पोट उथळ.
आठवडाभराचं ऊन
तिनं घटकेत ओकून टाकलं.

मग लेखणी उडाली.

दक्षिणेला, टायकोच्या विवराशी.
वजीहाने शनूदाकडे पाहिलं,
मग त्याच्या हाताकडे,
मग हातातल्या काचेच्या पेल्याकडे
ज्यातून पुदिन्याची वाफ अजून वर जात होती.
तो काही बोलला नाही.
दार ढकललं, पेला वाळूत ठेवला, परत आला.
पुन्हा फिरव, ती म्हणाली.
पुन्हा उडाली. तिथेच.
स्पिरिटचा दिवा विझवला.
तारा तपासल्या, एक बदलली.
वजीहाने आपलेच हात बाह्यांत ओढून घेतले
जणू एवढ्या लांबच्या थंडीला
तिचाच स्पर्श झाला असावा.
वर चंद्र तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा
आणि पट्टीवर
आणखी एक उसळी, मग लागोपाठ तीन,
राखेखाली कोणी निखारे पुरून ठेवावेत तशा.

तिथे दगड असतील, शनूदा म्हणाला.

कुठे?

तिथेच. माझा बाप तुराहच्या खाणीत होता.
हिवाळ्यात पाळी संपली की
माणसं वाळूत नाही निजायची,
चिऱ्याला पाठ लावून निजायची.
वाळू दिवेलागणीलाच विसरते, बाईसाहेब.
चिरा पहाटेपर्यंत धरून ठेवतो.

वजीहाने पेन्सिल कानातून काढली, पुन्हा खोचली.
जुन्या विवरांचं केव्हाच पीठ झालंय,
युगानुयुगं बारीक मार खाऊन.
हा घाव कोवळा आहे,
त्याच्या कडांचे अजून धोंडेच आहेत,
घराएवढे, वाड्याएवढे, कुणी न फोडलेले.
हे तिला येत होतं. पुस्तकातलं.
फक्त त्याला टेकलेली पाठ
तिने कधी मोजली नव्हती.

ती पट्टी मी पुष्कळ वर्षांनी उलगडून बसलो
आणि शब्दापाशी अडलो.
धग म्हणावी तर शून्याखाली चाळीस.
आच म्हणावी तर चूल नाही.
ऊब तर मुळीच नाही,
ऊब म्हणायला कोणीतरी जवळ यावं लागतं.
भोवतीचं सगळं निवलं
आणि हे निवायचं राहून गेलं,
एवढंच लेखणीला माहीत.

छापील अहवालात अंश आहेत, रेखांश आहेत,
दगडांविषयी एक सावध परिच्छेद.
शनूदाचं नाव नाही.
नोंदवहीत मात्र, समासात, पेन्सिलीने,
उजवीकडून डावीकडे तिरकं होत गेलेलं अक्षर:

४:१७. उसळी.
४:१९. चहा बाहेर ठेवला.
४:३१. उसळी कायम.

उजाडल्यावर पेला सापडला
वाळूत कललेला, कडेला दव,
तळाशी न विरघळलेली साखर.
शनूदाने बोटाने ढवळली
आणि तसाच गार
पिऊन टाकला.